ट्रॅक्टर पलटी झालाय, सेल्फ मारण्याआधी मदत हवी आहे

भोरकडे भातखाचराच्या बांधावरून ३ सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर चालू इंजिनसकट कुशीवर पडला आणि जागीच बंद पडला. आता सरळ उभा केलाय, बॅटरीची वायर काढलीय. ऑइल बाथ एअर क्लीनरच्या (इंजिनात जाणारी हवा ऑइलमधून गाळणारा डबा) वाटीत ऑइल जेमतेम उरलंय आणि इनटेकचा होज आतून ओला आहे, म्हणजे ते ऑइल सिलिंडरमध्ये ओढलं गेलं असावं. म्हणून तिन्ही इंजेक्टर काढले, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. दोन नंबरच्या सिलिंडरमधून ऑइल बाहेर आलं, बाकी दोन कोरडे.

ऑइल दाबलं जात नाही, म्हणून भीती अशी की पिस्टनचा दांडा वाकला असेल. हेड न उतरवता दोन नंबरचा कनेक्टिंग रॉड (हाच तो दांडा) वाकलाय का, कसं ओळखावं? इंजेक्टरच्या भोकातून टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असताना) तिन्ही पिस्टनची उंची ताडून बघितली तर चालेल का? कॉम्प्रेशन टेस्टवर भरवसा कमी, रिंगा झिजल्या तरी आकडा पडतोच. शिवाय चेंबरमधून डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरलं असेल का, म्हणजे ऑइल बदलूनच सुरू करावं का?