‘बायनरी व्हेक्टर’ला ‘द्विमान सदिश’ म्हणावे का?

प्रश्न : मातीतील ॲग्रोबॅक्टेरियम या जीवाणूकरवी वनस्पतींत नवे जनुक अधिक कार्यक्षमतेने घालण्याविषयीच्या लेखाचे भाषांतर करताना ‘बायनरी व्हेक्टर’ आणि ‘कॉपी नंबर’ या संज्ञांपाशी मी अडलो आहे. कोशात ‘द्विमान’ आणि ‘सदिश’ हे शब्द सापडतात. ते येथे चालतील का?

उत्तर : चालणार नाहीत. सदिश ही परिमाण आणि दिशा असलेली राशी होय. येथे मात्र जनुक वाहून नेणारा डीएनए अभिप्रेत असल्याने ‘वाहक’ हाच शब्द हवा. (डासाला आपण रोगवाहक म्हणतो, तो याच अर्थाने.) ‘बायनरी’चाही द्विमान अंकपद्धतीशी संबंध नाही. हा जीवाणू आपल्या टीआय (म्हणजे गाठ निर्माण करणाऱ्या) प्लाझ्मिडमधील, म्हणजे मुख्य गुणसूत्राहून वेगळ्या असलेल्या लहान डीएनए-वलयातील, टी-डीएनए नावाचा तुकडा जखमी वनस्पतीच्या पेशीत धाडतो आणि तेथे गाठ वाढते. परंतु तो तुकडा कापून पाठवणारी ‘व्हिर’ जनुके त्या तुकड्याच्या बाहेर असतात. ही दोन अंगे दोन स्वतंत्र प्लाझ्मिडांवर ठेवली तरी काम अडत नाही, हे १९८३ मध्ये दाखवण्यात आले आणि या जोडव्यवस्थेवरून ते नाव पडले. म्हणून मी ‘द्विघटक वाहक’ सुचवीन. ‘दुहेरी वाहक’ नको. त्यातून दोन ओझी वाहणारा असा भास होतो.

प्रतिसाद : ‘द्विघटक’ मान्य, तरी एक अडचण उरते. प्रयोगशाळेत हे नाव केवळ टी-डीएनए असलेल्या लहान प्लाझ्मिडला, म्हणजे जोडीतील एकाच घटकाला देतात. पहिल्या उल्लेखाच्या वेळी हे स्पष्ट करावे.

उत्तर : सूचना रास्त आहे. ‘कॉपी नंबर’साठी ‘प्रतसंख्या’ पुरेसा आहे, मात्र कोणाची प्रतसंख्या हे प्रत्येक वेळी लिहिलेच पाहिजे, कारण एका जीवाणूपेशीत प्लाझ्मिडच्या किती प्रती आहेत आणि वनस्पतीच्या जीनोममध्ये (संपूर्ण जनुकीय संचात) टी-डीएनएच्या किती प्रती शिरल्या, या दोन्हींसाठी हीच संज्ञा वापरली जाते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात द्विघटक वाहकाची जीवाणूतील प्रतसंख्या वाढवून जनुक घालण्यातील यश वाढवले होते. तेथे विशेषण गाळले, तर वनस्पतीतच जादा प्रती घातल्या असा उलटा अर्थ निघेल. प्रश्नातील ‘कार्यक्षमता’ हा शब्दही चूक नाही, परंतु प्रयोगात घेतलेल्या ऊतींपैकी किती ऊतींत जनुक स्थिरावले एवढेच सांगायचे असेल, तेव्हा ‘यशाचे प्रमाण’ अधिक नेमके ठरते.