‘डिपॉझिशन’साठी शब्द: निक्षेपण, मुलामा की पुट?

प्रश्न
बॅटरीतल्या पदार्थांवरचा एक मजकूर मराठीत आणते आहे. त्यात ‘अ‍ॅटॉमिक लेयर डिपॉझिशन’ पदोपदी येतं, म्हणजे पृष्ठभागावर वाफेतून एकेक अतिपातळ थर बसवण्याची पद्धत. ‘अणुस्तर निक्षेपण’ लिहिलं, पण डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. लेप किंवा मुलामा चालेल का?

उत्तर
मुलामा नकोच. मुलाम्यात आतलं हलकं आणि वरचं भारी असतं. इथे भारी माल, म्हणजे बॅटरीचा पदार्थ, आत आहे, वरचा थर त्याची राखण करतो. लेप ओला असतो, फासताना कुठे जाड तर कुठे पातळ होतो. इथे सगळं वाफेतून येतं.

मी ‘पुट’ सुचवेन. अ‍ॅल्युमिनाचं (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं) उदाहरण घ्या. आधी ट्रायमिथाइल अ‍ॅल्युमिनियमची वाफ सोडतात. ती पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांना (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांना) धरून बसते, मिथेन सुटतो. धरायला जागा उरली नाही की विक्रिया थांबते, मग वाफ कितीही सोडा. (‘सेल्फ लिमिटिंग’ला ‘स्वयंमर्यादित’पेक्षा ‘जागा भरली की थांबणारी’ म्हणा, लगेच कळतं.) उरलेली वाफ निष्क्रिय वायूने झाडून काढायची, मग पाण्याची वाफ, पुन्हा सफाई. एवढ्या खटाटोपातून जाडी वाढते सुमारे ०.१ नॅनोमीटर. म्हणून किती वेळा दिलं ते मोजायचं, आणि मोजून द्यायचं ते पुट. रंगाची दोन पुटं म्हणतो ना आपण? आयुर्वेदातलं भस्मही शतपुटी असतं.

आणखी एक मत
रंगाचं पुट पटलं, भस्माचं नाही. भस्माचं पुट म्हणजे बंद संपुटात दिलेली आच, तिथे थर नसतो. दोन्हीकडे मोजणी आहे एवढंच साम्य.

मूळ नावही बदललेलं आहे, हे लक्षात घ्या. फिनलंडच्या तुओमो सुंतोला यांनी १९७४ मध्ये ही पद्धत विकसित केली, तेव्हा नाव होतं ‘अ‍ॅटॉमिक लेयर एपिटॅक्सी’. एपिटॅक्सीत खालच्या स्फटिकाची मांडणी वरचा थर पुढे चालवतो. पण अ‍ॅल्युमिनासारखे कित्येक थर अस्फटिकी निघतात, म्हणून ‘डिपॉझिशन’ हे मोकळं नाव रूढ झालं. त्याआधी, १९६०च्या दशकात, लेनिनग्राडमध्ये अलेस्कोव्स्की आणि कोल्त्सोव्ह अशाच कामाला रशियनमध्ये जे म्हणत, त्याचा अर्थ ‘रेणूंचे थर चढवणं’ असा होतो. आपल्यालाही हे सोपं क्रियापद आहेच: थर चढवणे.

प्रश्नकर्ती
दोन्ही घेते. पद्धतीचं नाव एकदाच ‘अणुथर निक्षेपण’, पुढे सगळीकडे ‘थर चढवणे’, आणि एका आवर्तनाला ‘पुट’. भस्म सोडलं. वाक्य असं झालं: ‘लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या (बॅटरीच्या धनाग्रातल्या पदार्थाच्या) कणांना अ‍ॅल्युमिनाची मोजकीच पुटं देतात. थर जाड झाला तर लिथियमच्या आयनांची आणि इलेक्ट्रॉनांची वाट अडते, कारण अ‍ॅल्युमिना विसंवाहक आहे. पातळ थर मात्र कणाला इलेक्ट्रोलाइटच्या (बॅटरीतल्या आयनवाहक द्रावणाच्या) माऱ्यापासून वाचवतो.’ ‘ऊर्जासंचयन’ही काढलं, ‘ऊर्जासाठवण’ केलं.

उत्तर
‘मोजकीच पुटं’ फार नेमकं बसलं. फक्त ‘विसंवाहक’च्या आधी ‘विजेचा’ घाला, नाहीतर उष्णतेचा वाटेल.