लायसन्स लागत नाही म्हणजे ट्रान्समीटर कसाही वापरायचा का?

टाकीची पातळी:
पाण्याच्या टाकीतली पातळी मोबाईलवर दिसावी म्हणून लोरा (कमी पॉवरवर लांब मेसेज पाठवणारा रेडिओ) मॉड्यूलवर सेन्सर बनवतोय. मॉड्यूल १०० मिलिवॅटचं, दर मिनिटाला एक छोटा मेसेज, रेंज हवी म्हणून एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर, वाढवला की मेसेज हळू पण लांब जातो) १२ ठेवलाय आणि वर ३ डीबीचा अँटेना लावायचाय. सगळे म्हणतात लो पॉवर आहे, लायसन्स नाही लागत, बिनधास्त वापर. पण मॉड्यूल ४३३, ८६८, ९१५ मेगाहर्ट्झ असे तिन्ही मिळतात, मग कुठलं घ्यायचं आणि खरंच काही बघायचं नसतं का?

लहरी:
बघायचं असतं, आणि बरंच. लायसन्स नको म्हणजे फक्त स्वतःच्या नावाने परवाना काढावा लागत नाही, बाकी अटी पाळायच्याच. बँड, म्हणजे वापरायचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा, देशाप्रमाणे ठरतो. ९०२ ते ९२८ अमेरिकेत चालतो, युरोपात ४३३.०५ ते ४३४.७९ आणि ८६३ ते ८७० मधले तुकडे, भारतात ८६५ ते ८६७ होता तो २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढवला. ९१५ चं मॉड्यूल युरोपात किंवा भारतात लावू नका प्लीज, तिथे ९१५ च्या लगेच खाली मोबाईल फोन टॉवरशी बोलत असतात.

दुसरं, १०० मिलिवॅट हा चिपमधून निघणारा आकडा झाला. मर्यादा बहुतेक ठिकाणी अँटेनातून हवेत किती जातं त्यावर असते, आणि ३ डीबीचा अँटेना म्हणजे त्या दिशेला जवळपास दुप्पट. युरोपात ४३३ ला १० मिलिवॅट ईआरपीची (अँटेना धरून हवेत जाणाऱ्या पॉवरची) मर्यादा आहे, म्हणजे तुम्ही अँटेना लावायच्या आधीच कितीतरी पुढे गेलात. सेटिंगमध्ये पॉवर कमी करा, मोठा अँटेना रिसीव्हरला लावा, ऐकण्याला ही पॉवरची मर्यादा नसते.

एअरटाइम:
वरच्यांनी वेळेचं सांगितलं नाही, मला तोच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. युरोपात ८६८.० ते ८६८.६ मध्ये २५ मिलिवॅट चालतं पण ड्यूटी सायकल (एकूण वेळापैकी ट्रान्समीटर चालू ठेवायचा वाटा) १ टक्का, म्हणजे तासाला ३६ सेकंद. एसएफ १२ ला १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थवर छोटा मेसेजसुद्धा सेकंदाहून जास्त घेतो, दर मिनिटाला पाठवलात तर तासाचे ६० सेकंद सहज पार. तोच मेसेज एसएफ ७ ला सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात जातो. आणि टाकी काय मिनिटामिनिटाला भरते-रिकामी होते का, पातळी बदलली तरच पाठवा ना! हा नियम कागदी नाहीये, त्याच पट्ट्यात दुसऱ्यांचे स्मोक अलार्म आणि मीटर पण असतात.

टाकीची पातळी:
धन्यवाद दोघांना. एसएफ ७ आणि बदल झाला तरच मेसेज असं करतो. पण शेजारच्या कुठल्या रिमोटमुळे माझे मेसेज अडकले तर तक्रार कुठे करायची?

लहरी:
तो रिमोट नियमात बसत असेल तर नाही करता येत. अमेरिकेच्या एफसीसीच्या (तिथली रेडिओ नियम करणारी सरकारी संस्था) नियमांच्या भाग १५ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय, तुमच्यामुळे कुणाला घातक अडथळा व्हायला नको आणि दुसऱ्याचा अडथळा आला तर तो सहन करायचा, बाकी ठिकाणीही तत्त्व साधारण तेच. म्हणून मेसेज हरवणार हे धरूनच कोड लिहा, पोच आली नाही तर थोडं थांबून परत पाठवा, आणि ते परत पाठवणंही त्या ३६ सेकंदांतच मोजलं जातं.