सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्या: अमेरिकेतील विधेयकाने काय साधेल?

प्रश्न

नमस्कार. नाशिकजवळ माझा क्रीम आणि उटणी बनवण्याचा लहानसा कारखाना आहे. अमेरिकेतील एका खरेदीदाराने ‘या मालाची अथवा त्यातील कोणत्याही घटकाची प्राण्यांवर कधीही चाचणी झालेली नाही’ असे हमीपत्र मागितले आहे. त्यानिमित्ताने तेथील ‘ह्युमेन कॉस्मेटिक्स अ‍ॅक्ट’ या विधेयकाविषयी वाचले. २०१४ पासून ते अनेकदा मांडले गेले, पण तडीस गेले नाही. प्राण्यांवर तपासलेली प्रसाधने विकण्यास त्यात मनाई आहे. मात्र परदेशातील सरकारी यंत्रणेनेच चाचणीची सक्ती केली असेल, तर सूट आहे. आपल्याकडे अशा चाचण्या आणि अशा मालाची आयात दोन्ही २०१४ मध्येच बंद झाले. मग एवढी मोठी सूट ठेवून कायदा केला, तर ससे वाचतील का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षे विषविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम केले. पदार्थाने डोळ्याचा दाह होतो का, हे पाहणारी ड्रेझ चाचणी १९४४ पासूनची. तीत सशाची खालची पापणी ओढून तिची खोबण करतात, तीत दशांश मिलिलिटर द्रव सोडतात आणि पापण्या क्षणभर मिटून धरतात. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवतात. मग एक, चोवीस, अठ्ठेचाळीस आणि बहात्तर तासांनी बुबुळावरचे पटल किती गढुळले, याला गुण द्यायचे. ससा ओरडत नाही, अंग आखडून घेतो, आणि ते धरणाऱ्या हाताला कळते.

त्वचेच्या दाहासाठी आता मानवी पेशींपासून वाढवलेल्या त्वचेच्या चकत्या मिळतात. चकतीवर पदार्थ लावून ती धुतात आणि पिवळ्या रंगद्रव्यात ठेवतात. जिवंत पेशी ते जांभळे करतात; जांभळा रंग निम्म्यावर किंवा त्याखाली आला, तर पदार्थ दाहक ठरतो. ओईसीडी या आर्थिक सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४३९ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत ही पद्धत आहे. ठरलेल्या पद्धतीने एका देशात केलेली चाचणी दुसऱ्याने मान्य करावी, ही ओईसीडीची व्यवस्था १९८१ पासून आहे आणि भारत २०११ पासून तीत पूर्णपणे सहभागी आहे. चीननेही १ मे २०२१ पासून आयात होणाऱ्या साध्या प्रसाधनांवरील सक्ती अटींसह सोडली; केसांचे कलप आणि सनस्क्रीन मात्र ‘विशेष’ गटात, म्हणजे सक्तीखालीच, ठेवले. सूट मलाही खुपते, पण परदेशातली सक्ती जसजशी सुटेल तसतशी ती सूट आपोआप निकामी होईल. म्हणून विधेयक मंजूर व्हावे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद २

वरील अनुभवाबद्दल आदर राखून एक भर घालते. अडचण केवळ परदेशी सक्तीची नाही. युरोपीय संघाने मार्च २०१३ मध्ये विक्रीबंदी पूर्ण केली, तरीही सनस्क्रीनमधील होमोसॅलेट या घटकासाठी, तो कारखान्यात हाताळणाऱ्या कामगारांच्या सुरक्षेचे कारण देऊन, ‘रीच’ या रसायनविषयक कायद्याखाली प्राण्यांवरील चाचण्या मागितल्या गेल्या आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये संघाच्या जनरल कोर्टाने ती मागणी उचलून धरली. प्रसाधनांचा कायदा एक सांगतो, रसायनांचा दुसरे. अमेरिकेच्या विधेयकात हे आधीच मिटवायला हवे.

औषधांची गोष्ट मात्र यात मिसळू नये. १९३७ मध्ये अमेरिकेत डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रावक घातलेल्या ‘एलिक्सर सल्फानिलमाइड’ या औषधाने शंभराहून अधिक जण दगावले आणि पुढच्याच वर्षी विक्रीपूर्वी सुरक्षितता सिद्ध करण्याचा कायदा आला. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने तेथे औषधांसाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली. बंदी घातलेली नाही, आणि ते योग्यच आहे. तेच विष १९८६ मध्ये मुंबईत ग्लिसरॉलमधून (म्हणजे ग्लिसरीनमधून) रुग्णांच्या पोटात गेले आणि चौदा जण गेले. तिथे गरज होती ती प्रत्येक पिंपाच्या रासायनिक तपासणीची.

प्रतिसाद ३

प्रश्नकर्त्यांसाठी व्यवहारातली गोष्ट: ‘कधीही’ या शब्दावर सही करू नका. ग्लिसरीनसारखे जुने घटक कधी ना कधी कुठेतरी प्राण्यांवर तपासले गेलेच आहेत, आणि ते तुम्हाला पुसता येणार नाही. हे विधेयकसुद्धा कायदा लागू झाल्यानंतरच्या चाचण्याच धरते. ‘आम्ही किंवा आमच्या वतीने अमुक तारखेनंतर चाचणी झालेली नाही’ असे लिहा आणि प्रत्येक पुरवठादाराकडून त्याच तारखेचे पत्र घ्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आमच्या क्रीममध्ये अकरा घटक आहेत. आज पुरवठादारांना पत्रे पाठवली. सुगंधी द्रव्य देणाऱ्याने ‘मिश्रणात नेमके काय आहे हे सांगता येणार नाही’ असे लगेच कळवले. त्याच्याकडून अशा मिश्रणासाठी हमीपत्र कोणत्या शब्दांत मागावे?