शब्दचर्चा: बढाई, बतावणी आणि दिशाभूल

प्रश्न

ग्राहकांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करते आहे. त्यात 'पफरी' हा इंग्रजी शब्द सारखा येतो. विक्रेत्याने आपल्या मालाचं केलेलं असं कौतुक, जे कुणी शब्दशः घेत नाही आणि म्हणून कायदाही त्याच्या मागे लागत नाही, असा त्याचा अर्थ. मी आधी 'अतिशयोक्ती' लिहिलं, मग खोडलं. कारण पुढच्याच पानावर जाहिरातींबद्दलची २०२२ ची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि त्यांत वस्तूची उपयुक्तता किंवा क्षमता अतिशयोक्तीने सांगून ग्राहकाची दिशाभूल करू नये, असं म्हटलं आहे. एका पानावर अतिशयोक्ती चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही, हे वाचणाऱ्याला कसं कळणार? बढाई, फुशारकी, वल्गना, थाप, भूलथाप यांतलं काय बसेल?

प्रतिसाद: माजी मराठी शिक्षक

ताई, खोडलंत ते बरं केलंत. अतिशयोक्ती हा आपल्याकडे अलंकार आहे. दमडीचं तेल आणलं, त्यात सासूबाईंचं न्हाणं झालं, वर उरलेल्या तेलाच्या ओघळात उंट वाहून गेला, हे उदाहरण मी वर्षानुवर्षं शिकवलं. ते ऐकून एकही मूल घरी जाऊन 'आई, तसलं तेल आण' म्हणालं नसेल. अलंकारात बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही खरं काय ते ठाऊक असतं. हाच धागा जाहिरात मानक परिषदेच्या संहितेतही आहे. ही जाहिरात व्यवसायाने स्वतःवर लक्ष ठेवण्यासाठी १९८५ मध्ये उभी केलेली मुंबईची संस्था. गंमत म्हणून किंवा लक्ष वेधायला केलेली उघड अतिशयोक्ती चालेल, पण ती अतिशयोक्ती आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे, असं ती संहिता सांगते. म्हणजे 'उघड' हे विशेषण काढलं की शब्द लंगडा पडतो.

तुमच्या यादीतल्या 'वल्गना'चं तोंड भविष्याकडे असतं: हे करून दाखवीन, ते करून दाखवीन. थापेत खोटेपणा आलाच. भूलथापेत त्यावर समोरच्याकडून काहीतरी काढून घेण्याचा हेतूही आला. माझं मत 'बढाई'ला. बढाई मारणारा माणूस आवडत नाही, पण त्याच्यावर कुणी खटला भरत नाही.

प्रतिसाद: ग्राहक आयोगात काम करणारा वकील

सरांचं शेवटचं वाक्य कायद्यालाही लागू पडतं. मात्र बढाई कुठे संपते, ते एका जुन्या खटल्यावरून बघा. १८९१ साली लंडनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ होती. 'कार्बोलिक स्मोक बॉल' नावाचं नाकाने हुंगायचं औषध विकणाऱ्या कंपनीने जाहिरात दिली: सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर १०० पौंड देऊ. आमचा शब्द खरा आहे हे कळावं म्हणून अलायन्स बँकेत १,००० पौंड ठेवले आहेत, हेही छापलं. श्रीमती कार्लिल यांनी ते वापरलं, तरी त्या आजारी पडल्याच. पैसे मागितल्यावर कंपनी कोर्टात म्हणाली, ती नुसती बढाई होती. न्यायाधीशांनी १८९२ मध्ये ते ऐकलं नाही. बँकेत पैसे ठेवल्याचं सांगितलंत, तिथेच बढाई संपली आणि वचन सुरू झालं. आकडा, मुदत, अट, रक्कम आली की लोक त्यावर विसंबून पैसे मोजतात.

आपल्याकडे कपड्यांच्या निळीवरून झालेला खटला आहे. रॉबिन ब्ल्यूच्या कंपनीने उजालाच्या मालकांविरुद्ध लढवलेला. कलकत्ता उच्च न्यायालयाने तेव्हा फार सैल माप लावलं: माझा माल जगात सर्वोत्तम, असं व्यापाऱ्याने म्हणावं, ते खोटं असलं तरी. दुसऱ्याचा माल वाईट आहे, असं मात्र म्हणू नये. पुढे २०१० मध्ये डाबर विरुद्ध कलरटेक या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने दोरी आवळली आणि जाहिरात खोटी किंवा दिशाभूल करणारी नसावी, असं बजावलं. मला दिल्लीचं म्हणणं पटतं. कलकत्त्याच्या निकालात ग्राहक कुठे दिसतच नाही. दोन दुकानदारांचं भांडण तेवढं दिसतं.

आणि 'दिशाभूल' हा शब्द सोडू नका. फसवणूक म्हटलं की हेतू शोधावा लागतो. दिशाभूल ऐकणाऱ्याच्या बाजूने मोजली जाते: वाट चुकली का, एवढंच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत वस्तूचं खोटं वर्णन आणि खोटी हमी तर आहेच, पण दिशाभूल होण्याची शक्यताही पुरते. महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही त्यातच येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत.

प्रतिसाद: आंबा विक्रेता

आमच्या धंद्यातलं सांगतो. पाटीवर 'जगात भारी' लिहिलं तर गिऱ्हाईक हसतं आणि फोड चाखून बघतं. कर्नाटकच्या आंब्याच्या पेटीवर 'देवगड हापूस' लिहिलं तर चाखूनही अनेकांना कळत नाही, पैसे मात्र देवगडचे जातात. आमच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तरी हे थांबलेलं नाही. 'जगात भारी' केवढं मोठं वाक्य, त्याने कुणाचं काही जात नाही. 'देवगड' ही चार अक्षरं शेतकऱ्याला बुडवतात. याला बढाई म्हणू नका.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, तुमच्या पेटीमुळे मला हवा होता तो दुसरा शब्द सापडला. वर्तमानपत्रात नेहमी वाचतो: 'पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लांबवले.' त्या आंब्याने देवगडचा असल्याची बतावणीच केली ना? तमाशातही बतावणी असते, पण तिथे समोर बसलेल्यांना सोंग ठाऊक असतं. पेटी घेणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

मग मी असं लिहिते आहे: 'पफरी'साठी बढाई, वस्तुस्थितीबद्दलच्या खोट्या दाव्यासाठी बतावणी, आणि दोन्हींच्या परिणामाबद्दल बोलताना दिशाभूल. क्लासच्या जाहिरातीतलं 'सर्वोत्तम शिक्षक' ही बढाई. '१०० टक्के निवड' ही बढाई नव्हे, ती हमी झाली. कोचिंग क्लाससाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या तत्त्वांत अशा हमीला मनाईच आहे. माझ्या भाचीच्या घरी अशाच एका हमीवर विश्वास ठेवून वर्षाची फी एकदम भरली होती. हमी देणारे नंतर फोनही उचलेनात. तिच्या वडिलांना '१००' हा अलंकार वाटला नव्हता, आणि का वाटावा?

एक शब्द अजून अडला आहे. 'अटी लागू'च्या त्या बारीक ओळींना सगळे 'अस्वीकरण' छापतात. ते वाचून मला काहीच बोध होत नाही.

वकील

'खुलासा' लिहा. २०२२ च्या तत्त्वांप्रमाणे ती ओळ मूळ दावा स्पष्ट करू शकते, त्याच्या उलट बोलू शकत नाही. दावा मराठीत असेल तर तीही मराठीतच हवी. वर 'मोफत' आणि खाली बारीक अक्षरांत पैसे, याला खुलासा म्हणताच येणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

घेतला. तिन्ही ठिकाणी 'खुलासा' केला.