बारावीनंतर थेट फ्लाइंग, की आधी पदवी?

कॅप्टन_सांगलीकर

हल्ली ओळखीतले पालक एकाच प्रश्नासाठी फोन करतात. मुलगा किंवा मुलगी बारावी झाली, फिजिक्स-मॅथ्स आहे, थेट फ्लाइंगला घालू का? २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिल्यापासून 'वैमानिकांचा तुटवडा आहे' हे सगळ्यांना पाठ झालंय.

माझं मत स्पष्ट आहे. आधी पदवी, तीही पोट भरेल अशी. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन, त्यानंतर.

ऑर्डर दिली म्हणजे विमान दारात आलं असं होत नाही, आणि आज फ्लाइंग सुरू करणारा मुलगा दोन-अडीच वर्षांनी बाजारात येतो. २००५-०७ च्या तेजीत ज्यांनी सुरुवात केली ते लायसन घेऊन बाहेर पडले तेव्हा मंदी होती, आणि हजारो सीपीएलधारक वर्षानुवर्षं घरी बसले. पुढे २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, १७ एप्रिल २०१९ ला जेट. २०२० मध्ये २५ मार्चपासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानं जमिनीवर होती. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट गेली. वैमानिक ६५ व्या वर्षापर्यंत उडू शकतो. एवढ्या लांब कारकिर्दीत दोन-तीनदा घरी बसावं लागेल असं धरूनच आखणी करा.

उजवी_सीट

सर, आदर राखून पूर्ण असहमत. मी ए३२० या एअरबस विमानावर को-पायलट आहे, बारावीनंतर थेट आले.

पालकांना सीनियॉरिटी हा प्रकार कोणी समजावून सांगत नाही. कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेवर तुमचा नंबर लागतो. बेस (कुठल्या शहरातून उडायचं), रजा, कमांडसाठी, म्हणजे कॅप्टन व्हायला, कधी बोलावणार, सगळं बऱ्याच अंशी त्या नंबरावर. तीन वर्षं पदवीला दिली की तेवढ्या बॅचेस तुमच्या पुढे जाऊन बसतात, आणि ते अंतर निवृत्तीपर्यंत भरून निघत नाही.

दुसरं, मंदीत आधी कोण घरी बसतं? नवखा. आमच्याकडे २०१७-१८ ला लागलेले कोविडमध्ये पगार कापून का होईना टिकले. २०२० च्या सुरुवातीला लायसन घेऊन आलेल्यांना मुलाखतीचं बोलावणंही येत नव्हतं. गो फर्स्टचे वैमानिक ए३२० वर होते, तेच विमान इंडिगो आणि एअर इंडियाकडे आहे, म्हणून बऱ्याच जणांना तुलनेने लवकर जागा मिळाल्या. त्यांना तारलं ते उड्डाणाच्या अवर्सनी आणि टाइप रेटिंगने, म्हणजे त्या ठरावीक विमानाच्या परवान्याने. बी.एस्सी.ची मार्कशीट कोणी मागितली नाही.

नाशिकचा_बाबा

मी त्या फोन करणाऱ्या पालकांपैकीच. सीपीएल, टाइप रेटिंग, राहणं-खाणं धरून आकडा पाऊण कोटी ते एक कोटी सांगतात. १ कोटीचं कर्ज १०.५ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिना १ लाख १० हजारांच्या पुढे जातो. शिक्षण चालू असतानाचं व्याज वेगळं. तारण म्हणून राहतं घर. मुलगा आत्ता १८ चा आहे, मी ५१ चा. ताई, तुमची सीनियॉरिटी पटते, पण तो लागेपर्यंत हप्ता भरणारा मीच ना?

उजवी_सीट

काका, हो, तुम्हीच. हे टाळता येत नाही, आणि उशिरा सुरुवात केल्याने रक्कमही कमी होत नाही. तीन वर्षांनी तीच फी वाढलेली असेल आणि तुम्ही ५४ चे असाल.

वसईची_वहिनी

आमचे हे कमांडर होते. कंपनी बंद पडण्याआधीचे काही महिने पगारच झाला नव्हता, तो शेवटपर्यंत मिळाला नाही. हे वाइडबॉडीवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानावर, होते. तसं विमान चालवणारी दुसरी कंपनी देशात जवळजवळ नव्हती. बरोबरीचे काही जण आखातात गेले. सासूबाईंचं आजारपण चालू होतं म्हणून आम्ही इथेच राहिलो, आणि ह्यांनी दुसरीकडे कमी पगारावर, ज्युनिअर म्हणून, नव्या विमानाचं ट्रेनिंग घेऊन सुरुवात केली. वय ४७.

म्हणून मला पदवी की फ्लाइंग हा वाद अर्धवट वाटतो. आम्हाला पदवीने सावरलं नाही (ह्यांची बी.कॉम. आहे) आणि हजारो अवर्सनी लगेच सावरलं नाही. सावरलं ते जुन्या, फेडून झालेल्या दोन खोल्यांच्या घराने आणि माझ्या शाळेतल्या नोकरीने. कमांड मिळाल्या मिळाल्या मोठ्या फ्लॅटचं कर्ज काढलेल्यांचे हाल मी जवळून पाहिलेत. हातात वर्षभराचा खर्च आणि लायसन गेल्यास पैसे देणारा विमा, हे दोन्ही होईपर्यंत दुसरा कुठलाही हप्ता सुरू करू नका.

आणि कंपनी डगमगताना दिसली म्हणून लगेच निघता येत नाही. २०१७ पासून कमांडरला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस आहे. २०२३ मध्ये अकासा सोडून गेलेल्या वैमानिकांचं प्रकरण यावरूनच मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं.

कॅप्टन_सांगलीकर

वहिनी, अक्षर न् अक्षर पटलं.

उजवी_सीट, सीनियॉरिटीचा मुद्दा खरा आहे, तो मी मांडायला हवा होता. पण अवर्स मंदीत उपयोगी पडतात, मेडिकलमध्ये नाही. माझ्या बरोबरीचा एक जण ३८ व्या वर्षी हृदयाच्या तक्रारीमुळे कायमचा अनफिट झाला. कागदावर सात हजार अवर्स होते. त्या दिवसानंतर त्याला विचारलं गेलं ते एवढंच, की दुसरं काय येतं?

यंत्र_ते_यान

मी मेकॅनिकल करून, दोन वर्षं पुण्यात नोकरी करून मग सीपीएल घेतलं. लायसन आल्यावर जागाच निघत नव्हत्या. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर उडण्याचा परवाना) दर वर्षी टिकवायचं, थोडं फ्लाइंग चालू ठेवायचं, यात लाखांनी पैसे जातात. मी पुन्हा नोकरी धरली आणि तो खर्च पगारातून केला. बरोबरच्या थेट बारावीवाल्यांपैकी काहींनी याच टप्प्यावर सोडून दिलं, घरून आणखी पैसे मागायचे तरी किती? सीनियॉरिटीत मी मागे आहे, मान्य. पण आज सीटवर आहे.

नाशिकचा_बाबा

मुक्त विद्यापीठातून पदवी चालू ठेवून फ्लाइंग केलं तर?

कॅप्टन_सांगलीकर

चालेल, पण त्या पदवीवर उद्या काम मिळेल का हे तपासून विषय घ्या. नुसता पदवीधर असल्याचा कागद नको.

उजवी_सीट

काका, फी भरण्याआधी मेडिकल. आधी प्राथमिक तपासणी क्लास टू, मग व्यावसायिक वैमानिकाला लागणारी क्लास वन. रंग ओळखण्यातला दोष किंवा कानाचं काही तिथेच कळतं, आणि तोपर्यंत फार थोडे पैसे गेलेले असतात. मग नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स हे डीजीसीएचे (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे) पेपर घरी बसून काढू द्या. ते निघाले की मुलाचा दम तुम्हाला कळेल. बारामती, गोंदिया, धुळे, कुठेही घाला, पण सगळी फी एकदम देऊ नका, झालेल्या अवर्सप्रमाणे द्या. विमान दुरुस्तीला गेलं, इन्स्ट्रक्टर सोडून गेला की २०० अवर्स लांबतात, आणि भरलेले पैसे अडकतात.

एवढं झालं आणि मुलगा टिकला, तर मी तरी त्याला तीन वर्षं थांबवणार नाही.

कॅप्टन_सांगलीकर

मेडिकल, पेपर, फीचे हप्ते, तिन्हीला अनुमोदन. राहतं घर तारण ठेवावं लागणार असेल तर मात्र मी अजूनही थांबा म्हणेन.