मदत हवी आहे: 'एका कानाने बहिरा' इंग्रजीत कसं लिहायचं? ऑफ, इन की फ्रॉम? (उद्या सकाळी पत्र द्यायचंय)

सोनचाफा | रात्री ९:१२
पटकन सांगा प्लीज. मुलाला एका कानाने ऐकू येत नाही. शाळेत द्यायला पत्र लिहिलंय. नवरा म्हणतो चुकलंय, मला बरोबर वाटतंय. वाक्यं अशी:
'माय सन इज डेफ फ्रॉम वन इअर. ही इज टॉल इन हिज एज. ही इज गुड इन स्टडीज. प्लीज गिव्ह हिम फर्स्ट बेंच, राइट साइड.'
ते फ्रॉम बरोबर आहे ना? शोधलं तर ऑफ, इन, टू सगळंच दिसतंय. सकाळी आठला बस येते, त्याच्या आत हवंय.

वाटसरू | ९:१९
एका वर्षापासून ऐकू येत नाही? मग आधी डॉक्टरांना दाखवा, पत्र नंतर.

सोनचाफा | ९:२१
अहो कान, कान! वर्ष नाही. डॉक्टर झालेत सगळे. फक्त शब्द सांगा.

खडूफळा | ९:३०
ताई, वाटसरूंचा जो गोंधळ झाला तोच शाळेत होऊ शकतो. कान आणि वर्ष यांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, आणि आपल्याकडे 'फ्रॉम वन इयर' म्हणजे 'वर्षभरापासून' असं सर्रास बोलतात. घाईत वाचणारा तेच वाचेल. फ्रॉम काढा.
बरोबर रूप: 'डेफ इन वन इअर'. तसंच 'ब्लाइंड इन वन आय', 'लेम इन वन लेग'. विशेषण सगळ्या माणसाला लावायचं नाही, त्याच्या एका अवयवापुरतंच लावायचं, तिथे 'इन'. जुन्या इंग्रजीत 'ब्लाइंड ऑफ ॲन आय' असं 'ऑफ' सापडतं, म्हणून शोधल्यावर दिसतं. आज तसं लिहू नका.
आणि 'टू' तर अजिबात नको. 'डेफ टू' म्हणजे ऐकू येतं पण मनावर घेत नाही. 'डेफ टू ॲडव्हाइस', सल्ला कानाआड करणारा. पोराबद्दल नेमकं उलटं मत होईल.

ओंजळ | ९:४१
खडूफळा, मला हे पटत नाही. मराठीत 'कानाने बहिरा', संस्कृतात 'कर्णेन बधिरः'. तृतीया आहे. तृतीया म्हणजे साधन, म्हणजे इंग्रजीत 'विथ' किंवा 'बाय' हवं. 'इन' म्हणजे सप्तमी झाली.

खडूफळा | ९:५२
तृतीया आहे, पण साधनाची नाही. 'चाकूने कापलं' मधला चाकू साधन आहे. 'कानाने बहिरा' मध्ये कानाने कोणी काही करत नाहीये, बहिरेपण कुठवर आहे तेवढं तो शब्द सांगतो. म्हणून तर पाणिनीला साधनाची तृतीया सांगून झाल्यावर वेगळं सूत्र करावं लागलं: 'येनाङ्गविकारः', २.३.२०. ज्या अंगामुळे विकार दिसतो त्या अंगाला तृतीया. 'अक्ष्णा काणः', 'पादेन खञ्जः'.
आपला 'ने' अशी बरीच कामं एकटा करतो. इंग्रजीत ती वाटली गेलीत. डोळ्याने अधू: 'इन'. स्वभावाने शांत: 'बाय नेचर'. मनाने तरुण: 'ॲट हार्ट'. रंगाने गोरा: काहीच नाही, नुसतं 'फेअर'. वयाने मोठा: नुसतं 'ओल्डर'. एका 'ने'साठी एकच इंग्रजी शब्द शोधत बसलं की माणूस अडकतो. एकतीस वर्षं फळ्यासमोर हेच पाहिलंय.

ओंजळ | ९:५८
सूत्र माहीत होतं, पण ते मुद्दाम वेगळं का केलं असावं याचा असा विचार केला नव्हता. तरी 'इन' मनाला पटेना. मराठीत 'कानात बहिरा' कोणी म्हणत नाही.

मिठगर | १०:०३
एवढं इंग्रजी कशाला? मराठीत लिहा. महाराष्ट्रातल्या शाळेत मराठी पत्र चालायलाच हवं.

सोनचाफा | १०:०६
आम्ही हैदराबादला आहोत. मुख्याध्यापिका तेलुगू आणि इंग्रजीच जाणतात. बाकीच्या वाक्यांचं सांगा ना. टॉल इन हिज एज?

काजूबोंडू | १०:११
सोनचाफा, तुम्ही अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा आधी. पत्राबित्राची गरजच उरणार नाही. आमच्या शेजारच्यांना एसटीत सवलत मिळते, परीक्षेत जादा वेळ मिळतो. शब्द एकच टाका, 'हार्ड ऑफ हिअरिंग', सरकारी शब्द आहे.

निषाद | १०:२४
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ऐकण्याची तपासणी करते, म्हणून सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'डेफ' आणि 'हार्ड ऑफ हिअरिंग' दोन्हींची व्याख्या दोन्ही कानांवर आहे. दोन्ही कानांत ७० डेसिबलचा ऱ्हास म्हणजे डेफ, ६० ते ७० म्हणजे हार्ड ऑफ हिअरिंग. एक कान पूर्ण चांगला असेल तर मूल या व्याख्येत बसत नाही. 'हार्ड ऑफ हिअरिंग' लिहिलं तर वाचणाऱ्याला दोन्ही कान वाटतील, मग प्रमाणपत्र मागतील.
'डेफ' शब्दही पत्रात पहिला नको. 'ही हॅज नो हिअरिंग इन हिज ... इअर' असं लिहा. आणि त्या टिंबांच्या जागी काय लिहायचं? कोणता कान, हे तुम्ही अजून सांगितलेलंच नाही! ऐकू अजिबात येत नाही की कमी येतं? कशाने झालं?

सोनचाफा | १०:२९
डावा. अजिबात नाही. पाच वर्षांचा असताना गालगुंड झाले, त्यानंतर गेला. उजवा एकदम नॉर्मल, तपासणी दरवर्षी होते. यंत्राचा उपयोग नाही म्हणाले. कान कुठला हे महत्त्वाचं असेल असं वाटलंच नाही, मी 'राइट साइड' लिहिलंय ना.

निषाद | १०:३८
तीच तर चूक होतेय. गालगुंडाने असा एकच कान जातो, हे आम्ही पाहतो. पण डावा कान गेलेल्या मुलाला उजव्या टोकाला बसवलं तर त्याचा चांगला कान भिंतीकडे होतो आणि सगळा वर्ग बहिऱ्या बाजूला. त्याला त्याच्या डाव्या टोकाला, पुढे बसवायचं. उजवा कान बाईंकडे आणि मुलांकडे राहील. एका कानाने आवाज कुठून आला ते कळत नाही, गोंगाटात शब्द निसटतात. तेही एका ओळीत लिहा.
'लेफ्ट साइड' लिहाल तर बाईंची डावी की मुलाची, हा घोळ. खिडकी किंवा दार सांगा.

सोनचाफा | १०:४४
बापरे. मी दोन वर्षं उजवीकडेच मागत होते. म्हणजे मीच चुकीचं सांगत होते त्याच्यासाठी. फळ्याकडे तोंड केलं की डावीकडे खिडक्या आहेत.

निषाद | १०:४७
वाईट वाटून घेऊ नका. उजवा कान चांगला म्हणून उजवी बाजू, असंच बहुतेक पालकांना वाटतं. 'विंडो साइड' लिहा.

वाटसरू | १०:५०
पण उंचीचा काय संबंध पत्रात?

सोनचाफा | १०:५२
उंचीप्रमाणे बसवतात. हा उंच, म्हणून दरवर्षी शेवटचा बाक. म्हणूनच तर पत्र!

खडूफळा | ११:०१
मग ते वाक्य महत्त्वाचं आहे. 'टॉल फॉर हिज एज.' आपण 'वयाच्या मानाने' म्हणतो, ते 'मानाने' म्हणजे हा 'फॉर'. इथे अवयव नाही, माप सांगायचंय: कशाशी ताडून उंच? 'एप्रिलच्या मानाने थंडी आहे', 'कोल्ड फॉर एप्रिल'. नुसतं 'टॉल' लिहिलं तर तो उंच माणूस झाला. 'फॉर हिज एज' आलं की त्याच्या इयत्तेपुरता उंच.
अभ्यासाचं: 'ही इज डूइंग वेल इन हिज स्टडीज'. 'गुड' ठेवायचं असेल तर कौशल्यासोबत 'ॲट': 'गुड ॲट मॅथ्स', 'गुड ॲट ड्रॉइंग'. 'गुड इन' टाळा.

मिठगर | ११:०८
'वीक इन मॅथ्स' तर आम्ही जन्मभर प्रगतिपुस्तकात वाचलं. तेही चूक का?

खडूफळा | ११:१२
चूक नाही. 'वीक' बरोबर 'इन' आणि 'ॲट' दोन्ही चालतात. 'गुड' बरोबर 'ॲट' जास्त रुळलंय. विशेषण बदललं की पुढचा शब्द बदलतो. 'रिच इन आयर्न', पण 'शॉर्ट ऑफ मनी'. जोडी म्हणूनच लक्षात ठेवावी लागते.

मिठगर | ११:१५
मग नियम कसला? तुम्ही ताईंना 'अवयव असेल तर इन' सांगितलंत, आता म्हणता जोडी पाठ करा.

खडूफळा | ११:२१
अवयवात दोष असेल तिथे 'इन' बऱ्यापैकी पक्का आहे, म्हणून नियमासारखं सांगितलं. विषय आणि गुणांचं तसं नाही. दोन्ही खरं आहे.

काजूबोंडू | ११:२६
'शॉर्ट इन हाइट' पण चालेल का मग? माझ्या बायोडेटात आहे.

ओंजळ | ११:३०
'शॉर्ट' मध्ये उंची आलीच. 'रेड इन कलर', 'राउंड इन शेप' तसंच, मर्यादा घालायला काही उरतच नाही. आणि हो खडूफळा, रात्रभर डोक्यात हेच राहणार आहे. मराठीत 'गणितात कच्चा' सप्तमी, 'कानाने बहिरा' तृतीया. आपणही दोन विभक्त्या वापरतोच की. 'इन' वरचा आक्षेप मागे घेते.

सोनचाफा | सकाळी ७:३८
अंतिम पत्र. चूक असेल तर वीस मिनिटांत सांगा:
'माय सन हॅज नो हिअरिंग इन हिज लेफ्ट इअर. हिज राइट इअर इज नॉर्मल. ही कॅनॉट टेल व्हेअर अ साउंड इज कमिंग फ्रॉम, अँड मिसेस वर्ड्स इन नॉइज. ही इज टॉल फॉर हिज एज, सो ही इज युजुअली सीटेड ॲट द बॅक. प्लीज सीट हिम इन द फ्रंट रो, ऑन द विंडो साइड. ही इज डूइंग वेल इन हिज स्टडीज.'

निषाद | ७:४४
उत्तम. ऑडिओग्रामची, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखाची, प्रत जोडा.

खडूफळा | ७:४६
एकही शब्द बदलू नका.

सोनचाफा | ८:०४
बस गेली. प्रत जोडली, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं. तो म्हणाला, खिडकी मिळाली तर मला बाहेरचं मैदान दिसेल. ते बाईंना सांगू नकोस म्हटलंय.